आठ आण्यांची आणेवारी, साडेतीनची फॅट

अर्ज फेटाळला की कागदावर लिहून येतं, 'निकषात बसत नाही'. हा निकष म्हणजे मुळात सोनाराकडचा काळा दगड. त्यावर सोनं घासायचं, उमटलेली रेघ पाहायची आणि कस सांगायचा. कसोटी म्हणजेही तोच दगड. इंग्रजीतला 'क्रायटेरियन' मात्र ग्रीक घरातला, वेगळं काढणं आणि निवाडा करणं या अर्थाच्या क्रियापदापासून झालेला. 'क्रिटिक' आणि 'क्रायसिस' ही त्याची भावंडं, आणि लॅटिनमधला चाळणीचा शब्दही त्याच कुळातला.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अशा चाळण्या घरोघरी माहीत आहेत. सर्वांत वजनदार आहे ती पन्नास पैशांची. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पीक किती आलं ते आण्यांत सांगत, म्हणून आणेवारी. 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि सरकारी कागदावर तिची पैसेवारी झाली. पारावर मात्र आजही आणेवारीच. ती पन्नास पैशांच्या खाली गेली की गाव टंचाईच्या यादीकडे सरकतं. पुढे दुष्काळ जाहीर झाला तर जमीन महसुलात सूट, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. शेताचा ठरावीक तुकडा मोजून कापायचा, मळायचा, धान्य तोलायचं, हा पीक कापणी प्रयोग त्यामागे असतो. त्या दिवशी गावानं वावरात हजर राहायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनं आता पाऊस, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाला दिसणारी हिरवळ हेही निकष आणले आहेत.

प्रवरेच्या काठाला आकडा बदलतो. तिथं बोलायचं ते उताऱ्याचं, म्हणजे शंभर किलो उसातून साखर किती निघाली त्याचं. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून हा शब्द इथल्या बोलीचा झाला. 2025-26 च्या हंगामात एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, ठरली ती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये. त्याच्या वर प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जास्त. दशांशातला एक आकडा हलला की टनामागे चौतीस रुपये साठ पैसे इकडचे तिकडे! तोडलेला ऊस फडात पडून राहिला की साखर घटते, म्हणून तोड झाल्यावर गाडीची वाट पाहणं जिवावर येतं. उभ्या उसाची पक्वता बघायची सोय खिशात मावते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावून उजेडाकडे धरायचं आणि डोळा लावायचा. निळसर आणि पांढरा भाग जिथं मिळतात, तो ब्रिक्सचा, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचा, आकडा.

दुधाचं माप रोज दोन वेळा होतं. गाईच्या दुधाला पायाभूत भाव मिळतो तो 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांना. त्याखाली गेलं की कपात. संगमनेर, राहाता, कोपरगाव भागात 'फॅट किती लागली?' हा रोजचा प्रश्न. गंमत अशी, की एकाच गाईच्या एकाच वेळच्या दुधातही फॅट सारखी नसते. पहिल्या धारा पातळ, शेवटची धार सर्वांत दाट. घाईत धार अर्धवट सोडणारा नेमकी फॅट मागे ठेवतो.

आणि हिवरे बाजार. नगर तालुक्यातल्या या कमी पावसाच्या गावानं स्वतःचाच निकष ठरवला. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस किती झाला ते मोजायचं, माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग रब्बीत काय पेरायचं ते सांगायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही. पाऊस कमी तर पेरा कमी, आणि हे ठरतं सगळ्यांच्या समोर.