नागोठण्याहून अलिबाग : रस्ता ४२, अंतर ३०!

फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये 'रिझॉल्व्ह करा' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचंच राहून जातं. व्हायवाला सर विचारतात, "घटक कशासाठी पाडायचे?" आणि समोर शांतता! म्हणून हा प्रपंच. उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातलंच घेऊ.

नागोठण्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी अलिबागला जायचं असतं. महामार्गाने गेला तर तो आधी वडखळला जातो, तिथे डावीकडे वळतो, धरमतरचा पूल ओलांडतो आणि पोयनाडमार्गे अलिबागला पोहोचतो. नकाशा बघा. अलिबाग आहे पश्चिमेला, पण माणूस निघतो जवळजवळ उत्तरेला! नागोठण्याची अंबा नदीही अशीच उत्तरेकडे वाहत जाऊन धरमतरच्या खाडीला मिळते.

आता प्रश्न असा, की शेवटी तो मूळ जागेपासून किती सरकला? यालाच विस्थापन म्हणतात. दोन टप्प्यांची सरळ रेषेतली लांबी नकाशावरून ढोबळमानाने मोजली तर अशी येते :

पहिला टप्पा, नागोठणे ते वडखळ : २०.६ किमी, पश्चिमेपासून उत्तरेकडे ६७ अंश.
दुसरा टप्पा, वडखळ ते अलिबाग : २१.२ किमी, पश्चिमेपासून दक्षिणेकडे १९ अंश.

बेरीज केली तर जवळपास ४२ किमी. रस्त्याची वळणं धरली तर आणखी थोडी जास्तच. पण हे झालं चाललेलं अंतर, विस्थापन नव्हे. दोन बाण वेगवेगळ्या दिशांना असताना त्यांची लांबी सरळ मिळवता येत नाही. मग करायचं काय? प्रत्येक तिरप्या बाणाचे दोन तुकडे पाडायचे, एक आडवा (पूर्व-पश्चिम) आणि एक उभा (उत्तर-दक्षिण). कोन आडव्या रेषेपासून मोजला असेल तर आडव्याला कोसाइन, उभ्याला साइन.

पहिला टप्पा : पश्चिमेला ८, उत्तरेला १९.
दुसरा टप्पा : पश्चिमेला २०, दक्षिणेला ७.

आता आडवे आडव्यात मिळवा : ८ + २० = २८ किमी पश्चिमेला. उभे उभ्यात : १९ − ७ = १२ किमी उत्तरेला. दक्षिण म्हणजे उणे, हे चिन्ह विसरलात की गेले मार्क! २८ चा वर्ग ७८४, १२ चा १४४, बेरीज ९२८, वर्गमूळ सुमारे ३०.५ किमी. दिशा : १२ भागिले २८ चा टॅन-इन्व्हर्स, म्हणजे पश्चिमेपासून उत्तरेकडे २३ अंश. महामार्ग सोडून नागोठणे-पोयनाड रस्त्याने गेलात, तरी विस्थापन हेच. कारण ते फक्त सुरुवात आणि शेवट बघतं.

घटक पाडण्याचं खरं कारण इथेच आहे. काटकोनातल्या दोन दिशा एकमेकींच्या कामात लुडबूड करत नाहीत. ही गोष्ट कागदावर मार्कांची असली तरी नदीत जिवाची आहे. जुलै १९८९ मध्ये अंबेला आलेल्या महापुराने जांभूळपाड्याचा घास घेतला, हे आपल्याकडचे जुने लोक अजून सांगतात. समजा, पुराचं पाणी सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहतंय, पात्र ८० मीटर रुंद आहे आणि पोहणारा सेकंदाला १ मीटर जातो. तो समोरच्या काठाकडे तोंड करून पोहला तर ८० सेकंद लागतील. तेवढ्यात प्रवाह त्याला २४० मीटर खाली नेईल. विस्थापन सुमारे २५३ मीटर, आणि तेही जवळपास सगळं प्रवाहाच्या दिशेने!

"मग प्रवाहाच्या उलट जोर लावू की!" असं कुणी म्हणेल. ६० अंश वर तोंड करून पोहा. काठाकडचा वेग उरतो फक्त अर्धा मीटर, म्हणजे वेळ दुप्पट, १६० सेकंद. प्रवाहाविरुद्धचा घटक ०.८७, म्हणून खाली वाहण्याचा वेग २.१३. गुणाकार करा : ३४१ मीटर! जीव तोडून पोहला आणि शंभर मीटर जास्त वाहिला. २० अंशांच्या आसपास कललात तर वाहणं सर्वांत कमी, पण तेही २२६ मीटर. बरोबर समोर पोहोचायला प्रवाहाविरुद्ध ३ चा घटक हवा, आणि आपल्याकडे एकूण आहे १! म्हणजे कोणत्याही कोनात ते अशक्यच. तेव्हा पुरात उतरू नये हे पहिलं, आणि दोर घेऊन धावणाऱ्यांनी समोर न थांबता बरंच खाली जाऊन उभं राहावं हे दुसरं.

जाता जाता आणखी एक. आपण ज्या अलिबागला पोहोचलो, तिथे १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं काम इकडे हलवलं गेलं. तिथेही पृथ्वीचं तिरपं चुंबकीय क्षेत्र आडव्या आणि उभ्या घटकांत नोंदवतात. तेव्हा अलिबागला बीचवर गेलात तर तिच्या फाटकाकडेही एक नजर टाका, आणि व्हायवाला हे उदाहरण बिनधास्त ठोकून द्या!