खिळा नको, हातोडा नको. पण आधी भिंत बघा!

जुन्या घरात भिंतीला लाकडी खुंटी असे. सदरा, टोपी, दाव्याची दोरी सगळे तिच्यावर. आता सिमेंटचे घर झाले, भिंतीला रंग लागला. खिळा ठोकायला गेले की गिलाव्याचा पोपडा पडतो. भाड्याची खोली असेल तर घरमालक ओरडतो, ते वेगळेच. म्हणून आठवडी बाजारातही चिकटणारे हुक दिसू लागले आहेत. वस्तू स्वस्त आणि कामाची. पण ‘लावला आणि दुसऱ्या दिवशी पडला’ ही तक्रार घरोघरी. असे का होते?

भिंत कोणती?

हुक धरतो तो गुळगुळीत जागेवर. टाइल, काच, लोखंडी कपाट, फ्रिज, सनमायका, ऑइलपेंट मारलेले दार इथे तो चांगला बसतो. चुना, डिस्टेंपर किंवा सारवलेल्या मातीच्या भिंतीवर लावू नका. तिथे हुक रंगाला चिकटतो अन् रंगासकट खाली येतो. अशा घरात खुंटीच बरी.

लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा. हुक अर्धा मिनिट दाबून धरा. लगेच काही अडकवू नका. एक रात्र जाऊ द्या. पाकिटावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भार टाकू नका. चुलीजवळ किंवा गॅसच्या वर लावू नका. वाफेने आणि तेलकटपणाने पकड सुटते.

काय काय टांगाल?

कपाटाच्या दाराला आतून दोन हुक शेजारी शेजारी लावा, मध्ये पातेल्याचे झाकण उभे राहते. गाळणी, सांडशी, मोजमापाचे चमचे टाइलवर राहतील. कचऱ्याच्या डब्याला बाहेरून दोन हुक उलटे लावले की पिशवीचे कान त्यात अडकतात, पिशवी आत घसरत नाही. मोबाइलच्या चार्जरची वायर टेबलाच्या कडेला अडकवा. गौरी-गणपतीत कागदी पताका, हलक्या माळा खिळ्याविना लागतात.

पण भगिनींनो, दोन हुक आधी यासाठी ठेवा. पहिला अंथरुणाशेजारी, बॅटरीसाठी. वीज गेली, रात्री उठावे लागले तर अंधारात चाचपडू नका. हात लांब केला की बॅटरी हातात आली पाहिजे. दुसरा दाराच्या आतल्या बाजूला, मुलांच्या बुटांसाठी. पावसाळ्यात जमिनीवरच्या बुटात विंचू बसतो. बूट टांगले तरी घालण्याआधी झटकायचेच.

मच्छरदाणीचे काय? मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी तिलाही अडवते. एकट्याची हलकी मच्छरदाणी टाइलवर किंवा कपाटाला मोठे हुक लावून बांधता येते. दोरी मात्र ताणू नका. बाहेर ओढ बसली की हुक निघतो. मातीची भिंत असेल तर सरळ खुंटी किंवा बांबू वापरा, पण मच्छरदाणी लावाच.

काढायचा कसा?

काही हुकांच्या पट्टीला खाली शेपूट असते. ते भिंतीलगत सरळ खाली, हळूहळू ओढा. पट्टी रबरासारखी ताणून बारीक होते आणि सुटते. अंगाकडे ओढाल तर रंग उपटलाच म्हणून समजा. शेपूट नसेल तर टाइलवरच्या हुकाला गरम पाण्यात पिळलेले फडके लावा आणि मागून शिवणाचा दोरा फिरवा. उरलेला चिकटा गोडेतेलाने निघतो.

थोडक्यात काय, हुक घेण्याआधी भिंतीवरून हात फिरवा. हाताला पांढरे लागले तर पैसे वाचवा आणि खुंटी ठोका!