नांव दुसऱ्याचें, दुकान आपलें

मुंबई-पुण्याच्या एखाद्या हमरस्त्यानें चालत गेलें, तर एकाच नांवाच्या, एकाच रंगाच्या पाट्या पावलोपावलीं दिसतात. पाहणाऱ्यास वाटतें, हा सारा पसारा एकाच धनिकाचा असावा. पुष्कळदां तो तसा नसतो. भांडवल स्थानिक मालकाचें, नोकर त्याचे, तोटा झाला तर तोही त्याचाच. पाटीवरचें नांव मात्र दुसऱ्याचें. तें वापरण्याच्या परवानगीबद्दल तो आरंभीं एक रक्कम देतो आणि पुढें विक्रीचा ठराविक हिस्सा भरीत राहतो. ह्या व्यवस्थेस ‘फ्रँचाइज’ म्हणतात. शब्द मूळचा जुन्या फ्रेंच भाषेंतला. अर्थ मोकळीक, किंवा राजानें दिलेली सूट. आपल्याकडील इजारा आणि मक्ता हे त्याचे चुलतभाऊ म्हणतां येतील. जुना इजारदार महसूल वसूल करण्याचा हक्क घेई. हा नवा मक्तेदार लोकांच्या मनांतील ओळखीचा मक्ता घेतो.

व्यापारांत ही कल्पना शिरली ती बव्हंशीं भांडवलाच्या टंचाईमुळें. अमेरिकेंत आयझॅक सिंगर ह्यानें १८५१ सालीं शिवणयंत्राचें पेटंट मिळविलें. यंत्र चांगलें, पण महाग. शिवाय तें चालवून दाखविल्यावांचून कोणी घेईना. गांवोगांव शाखा काढण्याइतका पैसा जवळ नव्हता. तेव्हां त्याच्या कंपनीनें निरनिराळ्या मुलुखांत यंत्रें विकण्याचे हक्कच लोकांना विकले. पुढें हातांत पैसा खेळूं लागतांच तिनें त्यांतले बरेच हक्क परत घेऊन स्वतःच्या शाखा उघडल्या. नांवाचा धनी आणि दुकानाचा धनी ह्यांच्यांतली ओढाताण अशी पहिल्या पिढीपासूनची आहे.

ह्या इतिहासांत मला विशेष आदर वाटतो तो मार्था मॅटिल्डा हार्पर ह्या बाईंविषयीं. कॅनडांत जन्मलेल्या ह्या बाईंचें बालपण आणि तारुण्य परक्यांच्या घरीं मोलकरीण म्हणून गेलें. १८८८ सालीं साठविलेल्या ३६० डॉलरांवर त्यांनीं रॉचेस्टर शहरांत केशप्रसाधनाचें दुकान काढलें. १८९१ पासून त्यांनीं आपलें नांव, आपलीं तेलें व आपली पद्धत इतर शहरांतील स्त्रियांच्या हातीं देण्यास आरंभ केला, आणि त्यासाठीं मुद्दाम आपल्यासारख्याच कष्टकरी बायका निवडल्या. भरभराटीच्या काळांत अशीं सुमारें पांचशें दुकानें होतीं. ज्या बाईस कोणी भांडवल दिलें नसतें, तिला ह्या नांवानें पत मिळवून दिली.

१८९९ सालची गोष्ट निराळ्या जातीची आहे. चॅटनूगा येथील दोन वकील, बेंजामिन टॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड, कोका-कोलाचे मालक एसा कँडलर ह्यांजकडे गेले. तें पेय त्या काळीं मुख्यतः औषधांच्या दुकानांतील सोड्याच्या नळाशीं पेल्यांतून मिळे. बाटलींत भरून तें विकण्याचा हक्क ह्या दोघांनीं मागितला. कँडलरांचा बाटलीवर फारसा विश्वास नव्हता. त्यांनीं जवळजवळ साऱ्या अमेरिकेचा हक्क एका डॉलरला देऊन टाकला, आणि तो डॉलरही वसूल केला नाहीं असें सांगतात. पाक कंपनीनें बांधलेल्या दरानें पुरवावयाचा. कारखाना, बाटल्या, गाड्या हें सारें ज्या त्या गांवच्या भांडवलवाल्यानें पाहावयाचें. वीस वर्षांत असे हजारावर कारखाने उभे राहिले. परंतु करारास मुदतच नव्हती! पहिल्या महायुद्धानंतर साखरेचा भाव कडाडला, तेव्हां जुना दर कंपनीस परवडेना. प्रकरण कोर्टांत गेलें आणि १९२१ सालीं पाकाचा दर साखरेच्या भावाशीं जोडून तडजोड झाली. वकिलांनीं घडविलेला करार वकिलांस फळला, ह्यांत नवल तें काय?

ह्या अनुभवानंतर मोठ्या कंपन्या सावध झाल्या असल्यास नवल नाहीं. रे क्रॉक ह्यानें मॅकडॉनल्ड बंधूंच्या उपाहारगृहाचें नांव व पद्धत घेऊन १९५५ सालीं इलिनॉयमध्यें पहिलें दुकान उघडलें. इतरांस मक्ता देतांना तो ९५० डॉलर आणि विक्रीवर शेंकडा १.९ घेई, पैकीं ०.५ मूळ बंधूंना जाई. एवढ्यांत भागेना. तेव्हां हॅरी सॉनबॉर्न ह्या त्याच्या सहकाऱ्यानें युक्ति काढली: जागा कंपनीनेंच पट्ट्यानें घ्यावी आणि ती चढ्या भाड्यानें दुकानदारास द्यावी. भाडें तर मिळेच. पण दुकानदारानें नियम मोडला, तर त्याच्या पायांखालची जमीनही कंपनीची! १९६१ सालीं क्रॉकनें २७ लाख डॉलर देऊन त्या बंधूंचा सारा हक्क विकत घेतला.

आतां प्रश्न असा कीं, एवढे निर्बंध असून माणसें ह्या वाटेनें जातात तरी कां? निवृत्त वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड आणि मुलाची उमेद एकत्र करून दुकान काढावयाचें असतें, तेव्हां अनोळखी पाटीपेक्षां ओळखीची पाटी धीर देते. गिऱ्हाईक पहिल्याच दिवशीं येतें. पदार्थाची कृति, मालाचा पुरवठा, नोकरांचें शिक्षण हें तयार मिळतें. नांवाच्या धन्यासही पगारी व्यवस्थापकाऐवजीं स्वतःची पुंजी गुंतविलेला दक्ष माणूस लाभतो. मात्र हिस्सा नफ्यावर नसून बहुधा विक्रीवर असतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. समजा, महिन्याची विक्री पांच लाख आणि हिस्सा शेंकडा सहा. तर तीस हजार रुपये द्यावेच लागतात, मग भाडें-पगार जाऊन हातीं कांहीं उरो वा न उरो.

अमेरिकेंत अशा व्यवहारांत लोक फसूं लागले, तेव्हां कॅलिफोर्निया राज्यानें १९७० सालीं कायदा केला, आणि १९७९ पासून सर्व देशभर कंपनीनें आपली खरी हकीकत आधीं लेखी द्यावी असा नियम आला. भारतांत ह्या व्यवसायापुरता स्वतंत्र कायदा झालेला नाहीं. येथें मुख्य आधार १८७२ च्या करार-कायद्याचा आणि सही केलेल्या कागदाचा. मुदत संपल्यावर जागेचा पट्टा कोणाच्या नांवें राहणार, शेजारच्याच रस्त्यावर तेंच नांव दुसऱ्यास देतां येईल काय, आणि दुकान नकोसें झाल्यास तें कोणास विकतां येईल, हें ज्या कलमांत लिहिलेलें असतें तीं बहुधा कागदाच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत सांपडतात.