अँड्रॉइडच्या आवृत्त्या : गुणदोषांचा ताळेबंद

१५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सात-बारावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून स्वतः करावी, ही कल्पना प्रत्यक्षात उतरली. त्याच वर्षी १ मार्च रोजी अंगणवाडीतील बालकांच्या व गरोदर मातांच्या पोषणाची नोंद ठेवणारे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप देशभर कार्यान्वित झाले. जे काम पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात आणि सेविकेच्या नोंदवहीत होत असे, ते हातातल्या लहानशा यंत्रावर आले. दप्तर कागदाचे असो वा काचेच्या पडद्यावरचे, ते विश्वासार्ह असणे ही कारभाराची पहिली गरज होय. म्हणूनच हे यंत्र ज्या कार्यप्रणालीवर चालते, तिची ओळख करून घेणे आता केवळ तंत्रज्ञांचे काम राहिलेले नाही.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

मोबाईल विकत घेताना ग्राहक पडदा, कॅमेरा व बॅटरी पाहतो. परंतु हे सारे भाग एकत्र चालवणारी एक अदृश्य व्यवस्था आत असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली असे म्हणतात. गावच्या पाणीपुरवठा योजनेतील झडपा सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याची उपमा येथे चपखल ठरावी. विहीर, टाकी व नळ सर्व जागच्या जागी असले, तरी कोणत्या वस्तीला केव्हा व किती पाणी सोडायचे हे तो ठरवतो. त्याचप्रमाणे कोणत्या ॲपला किती स्मृती द्यायची, कॅमेरा कोणाला वापरू द्यायचा, बॅटरी कशी जपायची, हे कार्यप्रणाली ठरवते.

जगातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइड या कार्यप्रणालीवर चालतात. अमेरिकेत २००३ मध्ये स्थापन झालेली अँड्रॉइड ही छोटी कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली. २००८ च्या उत्तरार्धात अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. या प्रणालीची मूळ संहिता सर्वांसाठी खुली असल्याने निरनिराळ्या कंपन्यांनी ती घेऊन आपापले फोन तयार केले. त्यामुळे किमती उतरल्या व फोन सामान्यांच्या हाती आला. अनेक वर्षे या आवृत्त्यांना इंग्रजी वर्णानुक्रमाने गोड पदार्थांची नावे देण्यात येत होती. २०१९ मधील दहाव्या आवृत्तीपासून कंपनीने केवळ क्रमांक वापरण्यास सुरुवात केली.

तुलनेच्या चार कसोट्या

उत्तम आवृत्ती कोणती आणि सदोष कोणती, हा वाद शहरी तरुणांत आवडीचा असला, तरी त्याचा निकाल बहुधा पडद्याच्या देखणेपणावर लावला जातो. सार्वजनिक कामाच्या दृष्टीने कसोट्या वेगळ्या आहेत. आवृत्ती साध्या व कमी किमतीच्या फोनवर नीट चालते काय? ती मध्येच अडत नाही ना? नागरिकांची माहिती तिच्यात सुरक्षित राहते काय? आणि ती लोकांच्या भाषेत बोलते काय? या चार प्रश्नांच्या उत्तरांवरूनच गुणदोष ठरवणे योग्य होईल.

वाखाणल्या गेलेल्या आवृत्त्या

अँड्रॉइडचे सुरुवातीचे फोन बोट फिरवताना अडखळत. २०१२ च्या ४.१ या ‘जेली बीन’ आवृत्तीने हा दोष बऱ्याच अंशी दूर केला. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत राहावे आणि बोटाचा स्पर्श होताच यंत्राने सज्ज व्हावे, अशी तिची रचना होती. तिच्यानंतर २०१३ मध्ये आलेली ४.४ ही ‘किटकॅट’ आवृत्ती आपल्यासारख्या देशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरली. केवळ ५१२ मेगाबाइट स्मृती, म्हणजे ज्याला बाजारात रॅम म्हणतात ती, असलेल्या फोनवरही ही आवृत्ती चालावी यासाठी तिच्यातील अनावश्यक भार जाणीवपूर्वक कमी करण्यात आला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘अँड्रॉइड वन’ या योजनेचा आरंभ भारतात झाला, तेव्हा ६,३९९ रुपयांपासून मिळणारे ते फोन याच आवृत्तीवर चालत होते. नवे आणायचे ते केवळ महागड्या फोनसाठी, या प्रघाताला किटकॅटने छेद दिला.

ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या ६.० या ‘मार्शमेलो’ आवृत्तीचे श्रेय निराळ्या स्वरूपाचे आहे. तोपर्यंत ॲप घेतानाच त्याच्या सर्व मागण्या एकगठ्ठा मान्य कराव्या लागत. मान्य नसतील तर ॲप मिळत नसे. साध्या विजेरीच्या ॲपनेही वापरणाऱ्याचा ठावठिकाणा गोळा करावा आणि तो जाहिरातदारांना द्यावा, असा एक प्रकार अमेरिकेत उघडकीस आला व २०१३ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने त्याविरुद्ध कारवाई केली. सहाव्या आवृत्तीने प्रत्येक परवानगी ज्या त्या वेळी स्वतंत्रपणे विचारण्याची आणि पुढे ती काढून घेण्याची सोय केली. २०२० मधील अकराव्या आवृत्तीत ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी देण्याची व्यवस्था झाली. नागरिकाच्या संमतीला मान देण्याच्या दिशेने टाकलेली ही पावले होत.

टीकेस पात्र ठरलेल्या आवृत्त्या

फेब्रुवारी २०११ मध्ये आलेली ३.० ही ‘हनीकोंब’ आवृत्ती घाईचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मोठ्या पडद्याच्या टॅबलेटसाठी ती खास बनवण्यात आली होती, परंतु त्या पडद्यास साजेशी ॲप फारशी उपलब्ध नव्हती आणि पहिला टॅबलेटही महाग होता. खुल्या संहितेची परंपरा असतानाही या आवृत्तीची संहिता कंपनीने लगेच खुली केली नाही. ती पुढील आवृत्तीसोबत नोव्हेंबर २०११ मध्ये खुली झाली. तथापि हनीकोंबमधील अनेक कल्पना ४.० या आवृत्तीने सुधारून फोनमध्ये आणल्या. म्हणजे तिचे श्रम अगदीच वाया गेले नाहीत.

नोव्हेंबर २०१४ मधील ५.० या ‘लॉलिपॉप’ आवृत्तीची कथा अधिक बोधप्रद आहे. तिच्यात पडद्याची संपूर्ण रचना बदलली आणि ॲप चालवण्याचे आतील यंत्रही बदलले. पूर्वी ॲपची संहिता चालता चालता यंत्राच्या भाषेत उतरवली जाई. आता ती ॲप बसवतानाच उतरवून ठेवली जाऊ लागली. यामुळे ॲप वेगाने चालावे ही अपेक्षा होती, मात्र साठवणुकीची जागा अधिक लागू लागली. त्यातच पहिल्या काही महिन्यांत एक मोठा दोष आढळला. काम संपल्यावर स्मृती मोकळी होण्याऐवजी हळूहळू अडकत जाई आणि एक-दोन दिवसांनी फोन मंदावे. २०१२ मधील नेक्सस ७ या टॅबलेटसारखी, एक गीगाबाइट स्मृतीची जुनी यंत्रे नवी आवृत्ती घेतल्यावर पूर्वीपेक्षा संथ झाल्याच्या तक्रारी सर्वत्र आल्या. फोनचा आवाज पूर्ण बंद ठेवण्याचा साधा पर्यायही बदलण्यात आला. नव्या पर्यायात आवाज पूर्ण बंद केल्यास पहाटेचा गजरसुद्धा वाजत नसे! हे दोष पुढील सुधारणांत क्रमाक्रमाने दूर झाले.

ऑक्टोबर २०२१ मधील बाराव्या आवृत्तीच्या बाबतीतही असेच घडले. कॅमेरा अथवा मायक्रोफोन चालू असल्यास पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसण्याची मोलाची सोय तिने दिली. परंतु रूपातील मोठ्या बदलाबरोबर दोषही आले. गूगलच्या स्वतःच्या नव्या फोनसाठी डिसेंबर २०२१ मध्ये दिलेली सुधारणा, कॉल तुटत असल्याच्या तक्रारींमुळे थांबवावी लागली होती.

मराठीच्या दृष्टीने

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी मजकुराच्या जागी कित्येकदा रिकामे चौकोन दिसत, तर काही फोनवर जोडाक्षरे फुटत व वेलांटी भलत्याच अक्षराला लागे. ४.१ मध्ये फोनच्या सूचनांसाठी हिंदी भाषा उपलब्ध झाली. मराठीचा समावेश मात्र २०१४ मध्ये, ज्या आवृत्तीवर सर्वाधिक टीका झाली त्याच ५.० मध्ये, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम व बंगाली यांच्यासह झाला. वेगाच्या कसोटीवर जी उणी ठरली, तीच भाषेच्या कसोटीवर मराठी वाचकाला जवळची ठरली. कोणतीही आवृत्ती सर्वस्वी चांगली वा वाईट नसते, हे यावरून ध्यानी यावे.

भाषा व स्मृती या दोन्ही बाबींचे महत्त्व राज्याने प्रत्यक्ष अनुभवले आहे. २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी त्यांना दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. यंत्राची स्मृती अपुरी पडते, ते वारंवार बंद पडते आणि ॲप मराठीत नाही, या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. सेविका कामास तयार असूनही साधन साथ देत नसेल, तर बालकाच्या वजनाची नोंद वेळेवर होत नाही आणि कुपोषणाचे चित्र अपुरे राहते. यंत्रातील उणिवेची झळ शेवटी लाभार्थ्यापर्यंत पोहोचते ती अशी.

सुरक्षिततेची साखळी

जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची एक गंभीर त्रुटी उघड झाली. खास तयार केलेला एखादा चित्रसंदेश पाठवून परक्याला फोनमध्ये शिरकाव करता येईल, असे तिचे स्वरूप होते आणि २.२ पासून पुढच्या आवृत्त्या तिच्या कक्षेत येत होत्या. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून दरमहा सुरक्षा सुधारणा देण्याची पद्धत गूगलने सुरू केली. परंतु सुधारणा तयार होणे निराळे आणि ती गावातील फोनपर्यंत पोहोचणे निराळे. ती आधी चिप बनवणाऱ्याकडे, मग फोन बनवणाऱ्याकडे जाते, आणि या साखळीत कोठेही खंड पडला की ग्राहक वंचित राहतो.

ही अडचण ओळखून २०१७ मधील ८.० या ‘ओरिओ’ आवृत्तीत चिपशी निगडित भाग व मूळ प्रणाली यांची फारकत करण्यात आली. त्यामुळे फोन कंपन्यांना नवी आवृत्ती देणे सुकर झाले. २०१९ मधील दहाव्या आवृत्तीपासून सुरक्षेचे काही भाग फोन कंपनीची वाट न पाहता थेट पाठवता येऊ लागले. हे बदल पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून त्यांची चर्चाही झाली नाही. तरीही दीर्घकालीन उपयोगाच्या दृष्टीने आठव्या आवृत्तीला वरचे स्थान द्यावे लागेल.

चांगल्या आवृत्तीलाही आयुष्याची मर्यादा असते. ज्या किटकॅटचा वर गौरव केला, तिच्यासाठी आवश्यक सेवांच्या सुधारणा गूगलने २०२३ मध्ये थांबवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून व्हॉट्सॲपनेही किमान ५.० आवृत्तीची अट घातली. एके काळची उत्तम आवृत्ती आज कामकाजासाठी असुरक्षित ठरते.

खरेदी व वापर करताना

या इतिहासातून ग्रामपंचायती, शाळा व कार्यालये यांनी काही व्यावहारिक बोध घेणे इष्ट ठरेल.

फोनची खरेदी करताना केवळ किंमत न पाहता सुरक्षा सुधारणा किती वर्षे मिळणार, याचे लेखी उत्तर विक्रेत्याकडून घ्यावे. २०२३-२४ मध्ये काही कंपन्यांनी आपल्या महागड्या फोनना सात वर्षांची हमी दिली. कमी किमतीच्या फोनबाबत ही मुदत बरीच कमी असू शकते. ज्या ॲपवर काम करायचे, त्याला लागणारी आवृत्ती व स्मृती आधी तपासावी आणि पुढील दोन-तीन वर्षांचा विचार करून थोडी अधिक क्षमता घ्यावी.

फोनमधील ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘फोनविषयी’ हा विभाग उघडल्यास आवृत्तीचा क्रमांक आणि शेवटच्या सुरक्षा सुधारणेची तारीख सहसा तेथे पाहता येते. ती तारीख वर्षाहून जुनी असेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार व लाभार्थ्यांची माहिती ठेवणे धोक्याचे आहे. दरमहाची लहान सुरक्षा सुधारणा लगेच घ्यावी. क्रमांक बदलणारी मोठी आवृत्ती मात्र, लॉलिपॉपचा अनुभव लक्षात घेता, काही आठवडे थांबून घ्यावी. तत्पूर्वी नोंदी व छायाचित्रांची दुसरी प्रत करून ठेवावी आणि पीक पाहणीची मुदत अथवा परीक्षेचा काळ जवळ असताना असा बदल करू नये.

बैलजोडी विकत घेताना शेतकरी केवळ शिंगांची झळाळी पाहत नाही. दात मोजतो, चाल पाहतो, आणि आपल्या जमिनीत ती टिकेल काय याचा विचार करतो. मोबाईलच्या बाबतीतही हीच चोखंदळ वृत्ती हवी. सर्वांत नवी आवृत्ती हीच सर्वांत चांगली, हा समज जितका चुकीचा, तितकाच जुन्यालाच चिकटून राहण्याचा आग्रहही घातक आहे. जी आवृत्ती आपल्या यंत्राला पेलते, आपल्या भाषेत बोलते आणि जिची देखभाल अद्याप चालू आहे, तीच आपल्यापुरती उत्तम होय. नागरिकांनी विश्वासाने स्वाधीन केलेली माहिती ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ही पारख करणे हे त्यांच्या कर्तव्याचाच एक भाग आहे.