रोज एक डाव, वर्षभर

नव्या शैक्षणिक सत्राच्या आरंभी विद्यार्थी अनेक संकल्प करतात. कुणी पहाटे उठण्याचा, कुणी वाचनाचा, कुणी व्यायामाचा. या यादीत आता आणखी एका संकल्पाची भर पडू लागली आहे. वर्षभर रोज एक स्पर्धात्मक डाव खेळायचा आणि त्यातून स्वतःला घडवायचे, हा तो संकल्प. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळविला. त्यानंतर अशा संकल्पाचे आकर्षण वाढावे, हे स्वाभाविकच आहे. पालकांच्या मनात मात्र शंका असते, की ही खरोखर आत्मविकासाची साधना आहे, की मोबाइल हाती घेण्याचे नवे निमित्त? याचे उत्तर खेळावर कमी आणि संकल्पाच्या रचनेवर अधिक अवलंबून आहे. ते कसे, हे बुद्धिबळाच्या आधारे येथे पाहू.

बुद्धिबळात फासे नसतात, पत्त्यांची वाटणी नसते. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरी मिळतात आणि चौसष्ट घरांवरील सारे काही दोघांनाही सारखेच दिसते. पराभवाचे खापर दैवावर, पंचावर वा मैदानावर फोडता येत नाही. शिवाय प्रत्येक चाल लिहून ठेवता येते. डाव संपल्यावर आपला निर्णय नेमका कोठे चुकला, हे शांतपणे शोधता येते. आत्मपरीक्षणासाठी इतके स्वच्छ साधन क्वचितच मिळते.

खेळाडूची ताकद मोजण्याची पद्धत हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकविणारे प्राध्यापक आर्पाद इलो यांनी विकसित केली. १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे आहे. दोन खेळाडूंच्या गुणांतील फरकावरून डावाचा अपेक्षित निकाल काढला जातो. गुण समान असतील तर दोघांची अपेक्षा निम्मी-निम्मी. दोनशे गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूकडून सुमारे ७६ टक्के यशाची अपेक्षा असते. अपेक्षेहून सरस निकाल लागला तर गुण वाढतात, कमी पडला तर घटतात. बदलाचा गुणक २० धरला, तर बरोबरीच्या खेळाडूला हरविल्यास १० गुण मिळतात. दोनशे गुणांनी वरचढ असलेल्याला हरविल्यास सुमारे १५ मिळतात, आणि तितक्याच फरकाने दुबळ्या असलेल्याकडून हरल्यास सुमारे १५ जातात.

या गणितातून निघणारी एक गोष्ट संकल्प करणाऱ्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. संगणकावरील व्यवस्था प्रत्येकाला त्याच्या बरोबरीचा प्रतिस्पर्धी शोधून देते. म्हणून बरोबरीत सुटणारे डाव बाजूला ठेवले, तर वर्षातील ३६५ डावांपैकी निम्मे, म्हणजे सुमारे १८० डाव, पराभवाचे असणार. खेळ सुधारला तरी हे प्रमाण फारसे बदलत नाही, कारण गुण वाढले की प्रतिस्पर्धीही तगडा मिळतो. प्रगती होत असूनही ती जाणवत नाही. ज्याला हे ठाऊक नसते, तो दोन-तीन महिन्यांत खचण्याचा संभव असतो. ज्याला ठाऊक असते, त्याच्यासाठी हा संकल्प पराभवाकडे पाहण्याचा रोजचा पाठ ठरतो.

आपल्या समाजात या पाठाचे मोल मोठे आहे. आपल्या वसतिगृहांतून शिकलेल्या अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे तेच पहिले असतात. एका परीक्षेतील अपयश त्यांना साऱ्या घराचे अपयश वाटते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना बसणारे आपले माजी विद्यार्थी हा भार जाणतात. ज्या पराभवाने कुणाचे काही बिघडत नाही, अशा छोट्या पराभवाचे कारण रोज शोधणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पटासमोर बसणे, ही मोठ्या अपयशाला सामोरे जाण्याची तालीम होऊ शकते.

परंतु नुसते खेळत राहणे म्हणजे सराव नव्हे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून हेतुपूर्वक सरावाची कल्पना मांडली. आपली उणीव हेरून, तिच्यावर लक्ष केंद्रित करून, चूक तपासत केलेला सराव, असा तिचा आशय. २००५ मध्ये नील चारनेस आणि सहकाऱ्यांनी बुद्धिबळपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्पर्धांत खेळण्यात घालविलेल्या तासांपेक्षा एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांशी खेळाडूच्या ताकदीचा अधिक जवळचा संबंध त्यांना आढळला.

म्हणून रोजचा संकल्प दोन भागांचा असावा. पहिला भाग एका डावाचा. प्रत्येकी १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंदांची भर, असा वेळ ठेवला तर चाळीस चालींचा डाव पाऊण तासात संपतो. तीन-तीन मिनिटांचे अतिजलद डाव टाळावेत, कारण त्यांत विचाराला अवसर मिळत नाही. दुसरा भाग परीक्षणाचा, वीस मिनिटांचा. आधी स्वतः डाव पुन्हा मांडून कोणत्या चालीला तोल गेला ते ठरवावे. मगच संगणकाचे विश्लेषण पाहावे. संगणकाला आधी विचारले तर उत्तर मिळते, पण शोधण्याची सवय लागत नाही. शेवटी वहीत एकच वाक्य लिहावे, जसे की 'प्रतिस्पर्ध्याच्या उंटाकडे पाहिलेच नाही' किंवा 'जिंकत असताना घाई केली'. महिनाअखेरीस अशी तीस वाक्ये वाचली की आपला स्वभावच समोर येतो.

येथे एका लोकप्रिय समजाची छाननी करणे आवश्यक आहे. बुद्धिबळाने मुले गणितात हुशार होतात, असे सर्रास सांगितले जाते. इंग्लंडमधील शंभर प्राथमिक शाळांत वर्गातील बुद्धिबळ शिक्षणाची चाचणी घेण्यात आली. तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. प्रशिक्षण संपून एक वर्ष लोटल्यावर मुलांच्या गणितातील गुणांवर त्याचा परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी दाखविले होते, की निष्णात खेळाडूला खऱ्या डावातील मोहऱ्यांची मांडणी क्षणात लक्षात राहते. तीच मोहरी वाटेल तशी विखुरली, की त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी होते. कौशल्य त्या-त्या क्षेत्रापुरते असते. घाई न करणे, चूक मान्य करणे, नोंद ठेवणे या सवयी पटावरून जीवनात आपोआप उतरत नाहीत. त्या जाणीवपूर्वक उतरवाव्या लागतात. वहीतील वाक्य लिहिण्याचा हेतू हाच आहे.

पालकांची भीतीही निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या रोग-वर्गीकरणात डिजिटल खेळांच्या विकाराचा समावेश केला असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला अधिकाधिक प्राधान्य मिळणे आणि हानी दिसत असूनही खेळणे चालूच ठेवणे, ही त्याची लक्षणे आहेत. निदानासाठी ती सामान्यतः किमान बारा महिने दिसावी लागतात. म्हणजे ज्या एका वर्षात साधना घडते, त्याच वर्षात विकारही घडू शकतो. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात भिक्षूंनी टाळावयाच्या खेळांच्या यादीत अट्ठपद आणि दसपद हे पटावरील खेळ येतात, ते प्रमादाची स्थाने म्हणून. ते बंधन गृहस्थांसाठी नसले, तरी प्रमादाचा इशारा विद्यार्थ्यालाही लागू पडतो. त्याला ओळखण्याची खूण सोपी आहे. हरल्यावर गमावलेले गुण लगेच परत मिळविण्यासाठी दुसरा डाव सुरू करण्याची ओढ लागली, तर प्रमाद सुरू झाला असे समजावे. म्हणून संकल्पात 'रोज एक' याचा अर्थ 'एकच' असा असावा. पैशाचा तर प्रश्नच येऊ नये. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, मग ते खेळ कौशल्याचे असोत वा नशिबाचे.

वसतिगृहात हा उपक्रम मोबाइलशिवायही चालविता येईल. काही पट, दोन-चार घड्याळे आणि एक नोंदवही पुरेशी आहे. प्रत्येकाला आरंभी १००० गुण द्यावेत आणि इलोंच्या पद्धतीने प्रत्येक डावानंतर मुलांनीच नवे गुण काढावेत. त्या निमित्ताने शेकडेवारी आणि शक्यतेचे गणितही त्यांच्या हातून होईल. परीक्षेच्या दिवसांत वा आजारपणात डाव सोडण्याची मुभा संकल्पातच लिहून ठेवावी, म्हणजे एक दिवस चुकला म्हणून सारेच सोडून देण्याची वेळ येणार नाही. जवळपास राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा येऊन मुलांबरोबर डाव मांडले, तर या संकल्पाला मोठा आधार मिळेल.

वर्ष संपल्यावर पालकांनी मुलाला 'गुण किती झाले?' असे विचारण्याऐवजी त्याची वही मागून घ्यावी. जूनमधील पाने आणि मेमधील पाने शेजारी ठेवून वाचावीत. सुरुवातीच्या पानांवर प्रतिस्पर्ध्याचे दोष आणि नंतरच्या पानांवर स्वतःचे निर्णय दिसू लागले असतील, तर ते वर्ष सार्थकी लागले.