पन्नाशीतला गळा आणि कराओकेची पट्टी

हळदीकुंकू असो, भिशी असो की सोसायटीचं स्नेहसंमेलन, कोल्हापुरात हल्ली कराओके असतोच. एक स्पीकर, एक माइक आणि मोबाइलवर शोधलेला ट्रॅक एवढ्यावर भागतं. गाणाऱ्या बहुतेक पंचेचाळीस ते साठच्या, आणि गाणी त्यांच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतली. धृपद छान होतं. अंतरा वर चढला की आवाज चिरकतो आणि ‘आता गळा राहिला नाही बाई’ म्हणत माइक पुढच्या वहिनींच्या हाती जातो. काही जणी त्यानंतर पुन्हा उभ्याच राहत नाहीत.

बहुतेक वेळा चुकलेली असते ती फक्त पट्टी. पाळी जाण्याच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं. त्याचा परिणाम हाडांवर होतो हे आता सर्वांना माहीत आहे. स्वरतंतूंवरही होतो, हे फारसं कुणी सांगत नाही. तंतूंवरचं नाजूक आवरण थोडं कोरडं आणि जाडसर होतं. जाड तार सावकाश कंप पावते, हे सतार पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्यामुळे बोलण्याचा आवाज किंचित खाली येतो आणि वरचे दोन-तीन स्वर पूर्वीसारखे सहज लागत नाहीत. सगळ्यांना हे सारखं जाणवत नाही. रोज गाणाऱ्यांना कमी, वीस वर्षांनी अचानक माइक हाती घेणाऱ्यांना जास्त. काळी चारच्या मध्य षड्जाला बाईचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांना भिडतात, तार षड्जाला त्याच्या दुप्पट. मानेच्या शिरा फुगवून तो स्वर ओढला की दुसऱ्या दिवशी घसा बसतो. हेच वारंवार होत राहिलं तर तंतूंवर गाठीही येऊ शकतात.

आजीच्या पिढीला हा प्रश्न पडत नव्हता. जात्यावरची ओवी, भोंडल्याची, मंगळागौरीची गाणी पाच-सहा स्वरांत फिरतात, ओळी आखूड असतात आणि पट्टी गाणारीच ठरवते. रेकॉर्डवरचं गाणं मात्र एका ठरलेल्या पट्टीत आलं. लता मंगेशकर कुमारवयात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये काम करत याच कोल्हापुरात राहत होत्या. १९४५ मध्ये त्या मुंबईला गेल्या. पुढे बाईचं गाणं म्हणजे तोच उंच, बारीक आवाज, असं दोन-तीन पिढ्यांच्या कानांत बसलं. पन्नाशीत ती गाणी मूळ पट्टीत म्हणायला जाणं हे कॉलेजातला ब्लाउज आज घालायला जाण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे कराओकेचा जन्मच गळ्याच्या सोयीसाठी झाला. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए हे गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करत. सहलीला निघालेल्या एका गिऱ्हाइकाबरोबर जाणं जमेना, म्हणून त्यांनी त्याच्या गाण्याला जुळेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१ मध्ये त्यांचं यंत्र आलं. आज मोबाइलवरच्या अनेक कराओके ॲपमध्ये पट्टी खाली-वर करण्याची सोय असते, पण तिला हात लावणं म्हणजे हार मानणं, असा समज आहे. मैफलीतला गवई मात्र आधी पेटीवाल्याला आपली पट्टी सांगतो आणि मगच बसतो.

गाणं निवडताना धृपद म्हणून पाहू नये, अंतरा म्हणून पाहावा. गाण्यातली सर्वांत उंच जागा सहसा तिथे असते. ती बोलण्याइतक्याच आवाजात, हनुवटी न उचलता दोनदा लागली तर गाणं आपलं. नाही लागली तर पट्टी दोन-तीन घरं खाली घ्यावी. तेवढ्यानं धृपदाचे खालचे शब्द ऐकू येईनासे झाले तर गाणं आपल्या गळ्याहून मोठं आहे. ते ऐकण्यासाठी ठेवावं. एका दमात न संपणाऱ्या लांब ओळींपेक्षा आखूड ओळींची, मध्ये वाद्यांचा तुकडा असलेली गाणी बरी. द्वंद्वगीतात आणखी एक अडचण: बाईसाठी पट्टी उतरवली की यजमानांचा आवाज पाताळात जातो. तिथे दोघांनी आधीच तडजोड करावी.

जुनी गाणी मनात एवढी का रुततात, यालाही कारण आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला इतर काळापेक्षा जास्त आणि ठळक राहतात, गाणी त्यांच्यासकट येतात. शब्द तोंडपाठ असतात, स्क्रीनकडे पाहावं लागत नाही, भीड कमी होते. पण आईची किंवा सासरी निघालेल्या लेकीची आठवण काढणारं गाणं घरी दहा वेळा म्हटल्याशिवाय चारचौघांत घेऊ नये. हुंदका येताना गळ्याचे स्नायू आवळले जातात आणि आवाज फुटतो. त्यात रियाजाचा दोष नसतो.

आणि जेवण गाण्यानंतर. तांबडा-पांढरा रस्सा भरपेट झाल्यावर ताण देऊन गायलं की पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राला लागतं. पाणी मात्र दिवसभर घोट घोट प्यावं.

पट्टी उतरवून, आठवडाभर गळ्याला विश्रांती देऊनही आवाज घोगराच राहत असेल तर कारण वेगळं असू शकतं. त्याबरोबर वजन वाढणं, सुस्ती, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करावी. या वयातल्या बायकांत थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे आणि गोळीनं ते आटोक्यात येतं. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा, गिळताना त्रास, मानेत गाठ किंवा थुंकीत रक्त असेल तर कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीनं स्वरयंत्र पाहून घ्यावं. तपासणीला काही मिनिटं लागतात. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर तीन आठवडेही थांबू नये, आणि ती सवय डॉक्टरांपासून लपवू नये.