कागदी लिंबाचा हस्त बहर
कागदी लिंबाला आंबिया, मृग आणि हस्त असे तीन बहर येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलणाऱ्या हस्त बहराची फळे ऐन उन्हाळ्यात, मागणी आणि भाव चढलेले असताना, काढणीस येतात. परंतु फुलण्यापूर्वी झाडाला द्यावा लागणारा ताण, म्हणजे काही काळ पाणी तोडून वाढ थांबवणे, पावसाळ्यात सहसा साधत नाही, म्हणून हा बहर सर्वांत अवघड ठरतो.

त्याहूनही जपावा लागतो तो बुंधा. दुहेरी आळे पद्धतीत खोडाला मातीची भर देऊन पाणी बाहेरच्या आळ्यातच सोडतात, कारण सतत ओल्या राहिलेल्या खोडाला ‘डिंक्या’ हा बुरशीजन्य रोग जडला, की साल तडकून डिंक पाझरतो आणि मोठे झाडही वाळू शकते. अशी साल निरोगी भागापर्यंत खरवडून तेथे मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम लावतात.